रिकाम्या डब्याचं वस्तुमान

९ जुलै, सोमवार

काल प्रज्ञाला लातूरला होस्टेलात सोडून आलो. अकरावी सायन्स, सोबत मेडिकलचा क्लास. खोली तिसऱ्या मजल्यावर. मी खालची मागितली होती, मिळाली नाही. लेक म्हणाली, "बाबा, सगळ्या मुली वरच राहतात."

आज पहिला डबा. सकाळची देगलूर-लातूर गाडी. कंडक्टर पाटील ओळखीचे. "सीटखाली ठिवतो सर, सांडनार न्हाई." तिकडं स्टँडवर होस्टेलचा वॉचमन सगळ्या गाड्यांवरचे डबे उचलतो, संध्याकाळच्या गाडीत रिकामे परत ठेवतो. निम्म्या मराठवाड्याची पोरं असल्या डब्यांवर डॉक्टर होऊन राहिलीत. मेसचं तेल बघून आलोय, त्यापेक्षा हे बरं.

डबा भरल्यावर माझ्यापुरतं पातेल्यात राहिलं. ताट घ्यायचा कंटाळा आला. पातेल्यातच कालवलं आणि ओट्याशी उभ्यानं खाल्लं.

१२ जुलै, गुरुवार

सातवी ब. मापनाचा धडा. द्रवाचं वस्तुमान. आधी रिकामं भांडं पारड्यात, मग पाण्यासकट, मग वजाबाकी. इतकं सांगून निम्म्यांनी सरळ भरलेलंच ठेवलं. गंगामणीला विचारलं, भांड्याचं काय केलंस?

"सर, भांडं बी पाण्यातच धरलं की. कुठं जातंय ते."

हसू आवरलं. फळ्यावर लिहिलं: भरलेलं वजा रिकामं. भरलेलं, रिकामं, वजाबाकी, अशा तीन ओळी करून आणायला सांगितलं.

घरी येताना प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा ताणकाटा पिशवीत टाकला. कपाटात गंजण्यापेक्षा. मुख्याध्यापकांना सांगितलं, ते म्हणाले, न्या, इथं कोण हात लावून राहिलंय. स्वयंपाकघराच्या चौकटीला खिळा ठोकला. रिकामा डबा टांगला, आकडा घेतला. खरं तर ताणकाटा वजन दाखवतो. वस्तुमानाला पारड्यांचा तराजू पाहिजे. वर्गात यासाठी मार्क कापतो. घरी कोण बघतंय.

१७ जुलै, मंगळवार

डबा आला. भाजी निम्मी, एक भाकरी जशीच्या तशी, भाताला हात नाही. काट्यावर टांगून बघितलं, निम्म्याहून जास्त परत. काल तर याहून.

दोडका आवडत नाही तिला, म्हणून असेल. उद्या शेंगदाण्याची चटणी आणि बटाटा.

२० जुलै, शुक्रवार

बटाटासुद्धा परत.

घरात आवाज नाही म्हणून रेडिओ लावला. बातम्या संपल्या, मग पिकांवरच्या किडीचं लागलं, तेही शेवटपर्यंत ऐकलं.

२२ जुलै, रविवार

होस्टेलात मोबाइल चालत नाही. रविवारी कॉइन बॉक्सवरून फोन करते, मागं मुलींची रांग.

"डबा कसा असतो?" "मस्त." "मग मंगळवारची भाजी परत कशी आली? शुक्रवारचा बटाटा?" "बाबा, तुम्ही मोजून राहिले का काय?"

"मोजत नाही. वजन करतो."

"वजन का वस्तुमान?" म्हणाली आणि हसली. मास्तरच्या पोरीशी बोलायची सोय नाही. म्हणाली, नवीन आहे ना, होईल सवय, काळजी करू नका. दिवस बरा गेला.

२५ जुलै, बुधवार

डबा रिकामा! धुतलेला, लख्ख. काटा रिकाम्या डब्याच्या आकड्यावर बरोबर. लागली एकदाची भूक.

५ ऑगस्ट, रविवार

रोज रिकामा येतो. भाकरी एक वाढवली, तरी रिकामा. भाताचा कप्पा वरपर्यंत दाबून भरला, तरी रिकामा. मी काय खातो ते विचारू नये. संध्याकाळी मुरमुरे भिजवून, फोडणी देऊन सुशीला करतो, कधी नुसते मुरमुरे.

नूरजहाँ आपा भिंतीवरून डबा भरताना बघतात. भिंतीला भिंत लागून घर, प्रज्ञा लहान असताना मी शाळेत गेलो की त्यांच्याच अंगणात असायची. म्हणाल्या, "मास्तरसाब, पोरीला पाठवता का पल्टनीला?" म्हटलं, आपा, सगळं संपवते. त्या म्हणाल्या, "माशाल्ला. इथं तर एक भाकर खाताना रडवायची." मला बोलणं आवडलं. पुन्हा एकदा सांगितलं त्यांना, सगळं संपवते.

१४ ऑगस्ट, मंगळवार

वेड्यावाकड्या वस्तूचं आकारमान. मोजपात्रात पाणी, आकडा वाचा, वस्तू दोऱ्यानं सोडा, पुन्हा वाचा. पोरांना म्हटलं होतं, घरून वस्तू आणा. दगड, लोखंडी नट, कुलूप, एकानं आजोबांचा दात आणला. व्यंकटनं मिठाचा खडा आणला आणि तास संपेपर्यंत बघत बसला, पाणी वर चढून पुन्हा खाली कसं येतंय. गंगामणीनं विटेचा तुकडा. सोडल्याबरोबर बुडबुडे. "सर, ही तर पाणी पिऊन राहिली!" सांगितलं, पाणी पिणारी वस्तू या रीतीनं मोजता येत नाही, उत्तर कमी येतं. "मंग कशी मोजायची?" आधी भिजत घाल, पोटभर पिऊ दे, मग मोज. पोरीला पटलं नाही. "मंग ती आधीची वीट राहिली का सर?"

याचं उत्तर पुस्तकात नाही. उद्या झेंडावंदन म्हणून सुटलो.

२ सप्टेंबर, रविवार

शाळेसमोरच्या गाळ्यात क्लास निघाला. मोठा बोर्ड: लातूरचं शिक्षण आता देगलूरला, सातवीपासून फाउंडेशन. पास झालेल्या पोरांचे फोटो, सगळ्यांच्या कपाळावर सारखाच टिळा. परवा एक पालक आले होते. "सर, पाण्यात दगड टाकायच्या प्रयोगाला मार्क किती?" शून्य. "मंग कशाला टाकायला लावता? पोरगं शर्ट भिजवून आलं घरी."

मी कुठल्या तोंडानं बोलणार. माझीच पोरगी तिकडं आहे.

फोन आला. टेस्ट झाली का? झाली. कशी? ठीक. मार्क? "अजून लागले नाहीत." डबा? "मस्त होता बाबा."

१६ सप्टेंबर, रविवार

फोन लहान. रांग मोठी होती म्हणाली. मागं कुणाचा आवाज मात्र येत नव्हता.

घर तेवढंच आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, काही वाढलेलं नाही. पण संध्याकाळी आत शिरवत नाही. दाराबाहेरच्या ओट्यावर बसून राहतो गाडीची वेळ होईपर्यंत. मग स्टँडवर जाऊन डबा घेतो, तेवढंच जाणं-येणं. पाटील म्हणतात, "सर, तुमी कशाला येता, मी पोचवतो की." यायला पाहिजे मला.

३० सप्टेंबर, रविवार

भूकंपाची तारीख. प्र.ची आई तेव्हा माहेरी, औशाकडच्या गावात, तिची आई आजारी म्हणून. प्र. दोन वर्षांची, अंगात ताप, म्हणून माझ्याजवळ राहिली. दरवर्षी एवढंच लिहितो.

फोनवर प्र.नं विचारलं, "आईच्या गावाचं नाव काय होतं?" म्हटलं, कशाला? "माझ्या खोलीतली जिजा तिकडचीच आहे. तिच्या घरचेपण गेले. आजीजवळ वाढली." नाव सांगितलं. पुढं काही विचारेल असं वाटलं, आणि विचारू नये असंही वाटलं. म्हटलं, अभ्यास कर, पैसे संपतील फोनचे.

ठेवल्यावर फार वाईट वाटलं. परत लावता येत नाही, कॉइन बॉक्सला.

१० ऑक्टोबर, बुधवार

सहामाहीचे पेपर काढले. प्रश्न: रिकाम्या आणि भरलेल्या डब्याच्या वस्तुमानावरून आतल्या अन्नाचं वस्तुमान कसं काढाल? मु.अ. म्हणाले, सर, डबा कुठून आला पुस्तकात? बीकर लिहा. बीकर लिहिलं.

२४ ऑक्टोबर, बुधवार

डबा रिकामा. काल रिकामा, परवा रिकामा. कधी एक शीतसुद्धा चिकटलेलं नाही, लोणच्याचा डाग नाही. होस्टेलात भांडी घासायला चांगली राख मिळत असावी.

७ नोव्हेंबर, बुधवार

प्र. आली. दिवाळीची चार दिवस सुट्टी.

गाडीतून उतरली तेव्हा ओळखलीच नाही आधी. दुसरीच कुणाची तरी मुलगी समजून तिच्यामागं उतरणाऱ्यांकडं बघत राहिलो. ड्रेस खांद्यावरून उतरून राहिलाय. हाताची हाडं. पाटील माझ्याकडं बघून दुसरीकडं बघायला लागले.

आपा भिंतीशी आल्या, तिला बघितलं, तोंडाला पदर लावला. "सूख गई रे मेरी बच्ची." आणि माझ्याकडं वळून, "आन् तुमी सांगून राहिले सगळं संपवते म्हणून!"

ताणकाटा खोटा बोलत नाही. रोज रिकामा आला, मी स्वतः बघितला.

८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ती चहा करत होती. चौकटीला टांगलेला काटा बघितला, हुकाला बोट अडकवून थोडा ओढला. मग माझ्याकडं पाठ करूनच बोलली.

"बाबा, मी खात नव्हते."

डबा जिजाला द्यायची. तिची आजी कुठून पाठवणार डबा. "टाकलं नाही हं बाबा. एक घास टाकला नाही." स्वतः? चहा-बिस्किट, कधी चार घास. घशाखाली उतरत नाही म्हणाली. दर पंधरा दिवसांनी टेस्ट, मार्कांवरून बॅच बदलतात. पहिलीत होती, आता शेवटच्या आधीच्यात. यादी जिन्यात लावतात, मुली बघत बघत वर जातात.

मला सांगायचं नाही का?

"तुम्ही वजन करता म्हणल्यावर काय सांगू? रोज घासून पाठवायचे. ओला राहिला तर जास्त भरेल म्हणून ओढणीनं पुसायचे."

मी रागावलो नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पोरीनं इतके दिवस उपाशी राहून माझा आकडा बरोबर आणून दिला. आणि मी गावभर सांगत फिरलो.

म्हटलं, इतके दिवस फोनवर बोलतेस, एका शब्दानं...

"तुम्ही आईचं कधी बोलता का? आपल्या घरात कोण काय सांगतं?"

चहा उतू गेला. दोघंही पुसायला लागलो.

१० नोव्हेंबर, शनिवार

आज तिच्या आईबद्दल सांगितलं. जेवढं आठवलं तेवढं. ढिगारा उपसला ते नाही सांगितलं, तिनंही विचारलं नाही. आधीचं सांगितलं. तिला सायकल येत नव्हती आणि येते म्हणून पैज लावायची. तिची भाकरी कायम एका बाजूनं जाड, मी म्हणायचो, पारडं कललंय. ती म्हणायची, जाड बाजू तुम्ही खा. प्र. हसली. मग रडली. मग म्हणाली, "माझी पण एका बाजूनं जाड होते." ते मला माहीत होतं. कधी सांगितलं नव्हतं.

दुपारी आपांनी खिचडा पाठवला. प्र.नं वाटीभर खाल्ला. मी बघत होतो तर म्हणाली, "बाबा, तिकडं बघा."

११ नोव्हेंबर, रविवार

विचारलं, परत यायचं का? इथल्या कॉलेजात नाव घालू. डॉक्टर नाही झालीस तर काय बिघडतंय. हे मनापासून म्हटलं की नाही ते मलाच माहीत नाही. क्लासच्या बोर्डावर तिचा फोटो मीही कधीतरी लावून बघितलाय, मनात.

"आत्ता विचारू नका. पंचवीसला मोठी परीक्षा आहे. ती देते, मग सांगते. राहायचं का यायचं, मीच सांगते."

बरं.

एक कबूल करून घेतलं. डबा धुवायचा नाही. जेवढं उरेल तेवढं, जसं असेल तसं परत. जिजाचा डबा मी वेगळा भरीन. तिनं मान हलवली. हो म्हणाली नाही.

१४ नोव्हेंबर, बुधवार

दोन डबे गेले, दोन आले. दोन्ही लख्ख.

सवयीनं धुतला असेल.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन्ही लख्ख. काल पण. म्हणजे पुन्हा तेच. स्टँडवरून घरी येईपर्यंत डबे हातात हलके लागत होते. तसंच लातूरच्या गाडीत बसावं असं वाटलं. बसलो नाही. जाऊन काय करणार, समोर बसून भरवणार? सोळा वर्षांची आहे.

सातवीच्या वह्या तपासायला घेतल्या. गंगामणीनं लिहिलंय, वस्तुमान म्हणजे वस्तूत किती काय आहे ते, बाहेरून दिसत नाही म्हणून मोजावं लागतं. व्याख्या पुस्तकातली नाही. पूर्ण मार्क दिले.

१८ नोव्हेंबर, रविवार

फोन आला नाही. दिवसभर फोनजवळच होतो. अंघोळसुद्धा दार उघडं ठेवून.

२० नोव्हेंबर, मंगळवार

पाटलांनी खिडकीतून डबे दिले. एक हलका, एक जड. "सर, ह्याच्यात काहीतरी हाय बगा."

घरी येऊन उघडला. दीड भाकरी. वांगं एक अख्खं, एक निम्मं. भात मात्र संपवलेला, शीतं तशीच चिकटलेली. न धुतलेला डबा बघून कुणाला एवढा आनंद होत नसेल. काट्यावर टांगला नाही. कशाला टांगायचा, समोर दिसतंय ना. अर्धं खाल्लंय पोरीनं. खरंच खाल्लंय.

तिचं उरलेलं मीच ताटात घेतलं. बऱ्याच दिवसांनी ताट घेऊन बसलो.

भाकरी मोडेना. पाण्यात बुडवून चावली. वांग्याचं तेल गोठलेलं, आणि मसाल्याला एक कळकट वास, डब्यात कोंडल्याचा. खालच्या कप्प्यातलं वरण तोंडात घेतलं आणि थुंकलं. आंबलेलं. थंडीच्या दिवसांत हे असं, तर जुलैत काय जात असेल तिच्यापुढं? पहाटे गरम गरम भरून झाकण दाबून लावत होतो. इतके महिने काट्यावर टांगलं, आणि एकदाही डबा दुपारपर्यंत ठेवून चाखून बघितलं नाही. सातवीच्या पोरानं असा प्रयोग केला असता तर वही तोंडावर फेकली असती.

आणि पोरगी म्हणते मस्त. जिजा बिचारी ते रोज खात होती.

भाकरी बंद. उद्यापासून दुधातल्या दशम्या, त्या मऊ राहतात. सुकी भाजी, वरण नाही. सगळं गार झाल्यावर झाकण. आपांना विचारलं, त्या म्हणाल्या, "आत्ता अक्कल आली का मास्तरसाब," आणि पीठ मळून द्यायला येते म्हणाल्या. नको म्हटलं. मला जमलं पाहिजे.

रविवारी तिची परीक्षा. नंतर सांगेल, राहायचं का यायचं. मला काय हवंय ते मलाच कळत नाही, म्हणून बरं आहे की मला विचारलेलं नाही.

उद्या तीन डबे भरणार. दोन गाडीत. तिसरा माझ्याबरोबर शाळेत, कपाटात, झाकण लावून. क्लास सुटल्यावर ती दीडला डबा उघडते. मीही दीडलाच उघडणार.